एलपी, सीडी आणि मूळ फीत : पुनर्मुद्रणांतील पाठभेद

पाश्चात्त्य वाद्यवृंदाची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकणाऱ्यांमध्ये एक वाद चाळीस वर्षे चालू आहे : एलपी चांगली की सीडी? १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा एलपीचे दिवस भरले असे सांगण्यात आले. आज त्याच कंपन्या तीच ध्वनिमुद्रणे जाड एलपींवर पुन्हा काढत आहेत. माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. प्राचीन ग्रंथाचा अभ्यासक छापील प्रतीचा कागद आधी पाहत नाही. ती कोणत्या पोथीवरून सिद्ध झाली, मध्ये किती नकला झाल्या, संपादकाने काय गाळले, हे तो पाहतो. ध्वनिमुद्रणाच्या पुनर्मुद्रणालाही हीच कसोटी लावायला हवी.

मी संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. पाश्चात्त्य स्वरलेखन पुस्तकांवरून शिकलो. त्यामुळे तुलनेची पद्धत तरी काटेकोर असावी असा प्रयत्न असतो. दोन्ही प्रतींच्या आवाजाची पातळी आधी सारखी करून घेतो, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. मग स्वरलेखन समोर ठेवून ठरावीक जागाच पुन्हा पुन्हा ऐकतो.

पहिले उदाहरण कार्लोस क्लायबर यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलेल्या बेथोव्हनच्या सातव्या सिम्फनीचे. डॉइच ग्रामोफोनने ते १९७५-७६ मध्ये व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनमध्ये मुद्रित केले. त्या काळी ही कंपनी चार वाहिन्यांच्या ध्वनीचा विचार करून बहुमार्गी फितींवर मुद्रण करीत असे; त्यावरून दोन मार्गांची फीत बने आणि तिच्यावरून एलपी. म्हणजे मूळची एलपी हीच मुळात नकलेवरून केलेली नक्कल होती. पुढे नव्वदच्या दशकात ‘द ओरिजिनल्स’ मालिकेत पाचवी आणि सातवी एकाच सीडीवर आल्या. २०२३ मध्ये मात्र एमिल बर्लिनर स्टुडिओच्या तंत्रज्ञांनी बहुमार्गी मूळ फीत लावली, तिचे मिश्रण करता करताच लाखेची तबकडी कापली, आणि मधली दोन मार्गांची फीत वगळली. दुसऱ्या भागाच्या अखेरीस क्लायबर तंतुवाद्यांना गज उचलू न देता बोटांनीच तारा छेडायला लावतात. सीडीवर ती छेड स्वच्छ पण सपाट येते. या नव्या एलपीवर पहिली आणि दुसरी व्हायोलिने व्यासपीठाच्या दोन बाजूंना बसली आहेत हे त्या जागी कळते.

इथे एलपी जिंकली असे म्हणून थांबता आले असते. पण दुसरे उदाहरण तसे थांबू देत नाही. जॉर्ज शोल्टी यांनी डेक्कासाठी १९५८ ते १९६५ या काळात व्हिएन्नाच्या सोफिएनझालमध्ये वाग्नरचे संपूर्ण ‘रिंग’ मुद्रित केले. निर्माते होते जॉन कल्शॉ. ते सीडीवर १९८४ मध्ये आले. १९९७ मध्ये नव्याने अंकीकरण झाले आणि तेव्हा संगणकाच्या साहाय्याने फितीची सळसळ काढण्यात आली. २०१२ च्या आवृत्तीतही तेच अंकीकरण वापरले गेले, कारण फिती झिजल्याचे कंपनीने सांगितले. २०२२ मध्ये मात्र त्याच मूळ फितींवरून २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचे नवे अंकीकरण झाले. त्यावरून एसएसीडीही निघाली आणि एलपीही. या एलपीचा उगम डिजिटलच आहे. ती आणि एसएसीडी सख्ख्या बहिणी आहेत.

‘दास राइनगोल्ड’च्या आरंभी एकच स्वरसंवाद १३६ मात्रागण चालतो आणि त्याच्या तळाशी डबल बेसचा खोल स्वर असतो. १९९७ च्या प्रतीत शांतता जास्त आहे, पण सळसळीबरोबर सभागृहाचा श्वासही पातळ झाला आहे. २०२२ च्या प्रतीत तो परत येतो, दोन्ही माध्यमांत. खरा फरक १९९७ आणि २०२२ मध्ये आहे.

माध्यमाचे म्हणून काही गुणदोष आहेतच. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर सरकते, मध्याकडे जेमतेम २०. म्हणून सिम्फनीचा कळस, जो बहुधा शेवटी असतो, तबकडीच्या सर्वांत अवघड जागी येतो. सीडीला ही अडचण नाही. उलट सातव्या सिम्फनीचा दुसरा भाग संपताच एलपीची बाजू संपते, उठून ती उलटावी लागते, आणि ते वाद्यांचे विरणे मनात राहते. सीडीवर लगेच तिसरा भाग उसळतो. पण हे फरक उगमाच्या फरकापुढे दुय्यम आहेत. मोबाइल फिडेलिटी ही कंपनी आपल्या महागड्या एलपींसाठी मध्ये डिजिटल टप्पा वापरत होती, हे २०२२ मध्ये उघड झाले. त्या एलपी शुद्ध ॲनालॉग समजून वर्षानुवर्षे वाखाणणाऱ्या जाणत्या कानांना तो टप्पा जाणवला नव्हता.

हा केवळ हौशी लोकांच्या आवडीनिवडीचा विषय नाही. सोफिएनझाल २००१ मध्ये आगीत जळाले. ते सभागृह १९५८ मध्ये कसे वाजत होते याचा पुरावा आता प्रामुख्याने फितींवर आहे, आणि फिती म्हाताऱ्या होत आहेत. पुढच्या पिढीला फीत मिळणार नाही, तिचा पाठ मिळेल. सळसळ म्हणून कोणी सभागृहच पुसले आणि पुढे तोच पाठ प्रमाण ठरला, तर मूळ काय होते हे सांगायला कोणी उरणार नाही.

म्हणून प्रत्येक पुनर्मुद्रणाच्या वेष्टनावर तीन ओळी असाव्यात : कोणती फीत लावली, मध्ये कोणते टप्पे आले, आणि काय काढून टाकले. ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीच्या प्रस्तावनेत आपण एवढे मागतोच. त्या तीन ओळी मिळाल्या की एलपी घ्यावी की सीडी, हे ज्याने त्याने आपल्या खिशाकडे आणि कपाटातील जागेकडे पाहून ठरवावे.