चित्रसंग्रहांतील नामैक्य आणि ‘नारायणगड’

विकिमीडिया कॉमन्स हा लोकांनींच चालविलेला चित्रसंग्रह सन २००४ पासून चालू आहे. कोणींही छायाचित्र द्यावें, त्यास स्थळनामाचा वर्ग लावावा व दुसऱ्यानें तो सुधारावा, अशी तेथील रीत. अर्थातच एका स्थळास पांच हातांनीं पांच नांवें पडतात, आणि समानार्थी व अशुद्ध नांवें एकत्र करण्याचें काम कोणास तरी अंगावर घ्यावें लागतें. या कामाच्या उपयुक्ततेविषयीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो पद्धतीविषयीं, आणि त्यास बीड जिल्ह्यांतील नारायणगडाइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

या संग्रहांतील वर्गनामें बहुधा इंग्रजींत, म्हणजे रोमन अक्षरांत असतात. त्या अक्षरांत ‘गड’ लिहितांना कोणी शेवटीं नुसता ‘डी’ घालतो, कोणी त्यास ‘एच’ जोडतो, तर कोणी हिंदी वळणानें ‘आर’ व ‘एच’ लिहितो. सकृद्दर्शनीं हीं तिन्ही एकाच शब्दाचीं चुकलेलीं रूपें वाटतात, व घाईचा सुधारक तीं एकत्र करून मोकळा होतो. परंतु नारायणगढ हरियाणांत अंबाला जिल्ह्यांत आहे, पश्चिम मेदिनीपुरांत आहे, मध्यप्रदेशांत मंदसौर जिल्ह्यांत आहे आणि नेपाळांत चितवन येथेंही आहे. बरें, अक्षरें शुद्ध ठेवलीं म्हणून संकट टळतें असेंही नाहीं. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ नारायणगड नांवाचा डोंगरी किल्ला आहेच. बीडचा नारायणगड किल्ला नव्हे. तें नगद नारायणाचें देवस्थान व वारकरी परंपरेची गादी आहे. गहिनीनाथगड किंवा शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील भगवानगड यांप्रमाणेंच येथें ‘गड’ शब्दानें संतस्थान समजावयाचें. हें ज्यास ठाऊक नाहीं तो येथील चित्रें ‘महाराष्ट्रांतील किल्ले’ या वर्गांत ढकलणार, आणि बुरूज शोधणाऱ्या अभ्यासकास तेथें टाळकरी भेटणार!

उलट बाजूची चूक आम्हांस अधिक खुपते. बीड हें नांव इंग्रजी कागदांत ‘भीर’ असें येतें. सन १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरांत तें तसें आहे. महाराष्ट्र शासनानें सन १९६९ मध्यें काढलेल्या जिल्हा-गॅझेटियरावरही तेंच आहे. यास हस्तदोष म्हणून पुसणें म्हणजे पुरावा पुसणें होय. मोमिनाबाद व अंबाजोगाई हीं एकाच गांवाचीं नांवें. तथापि जुन्या चित्राखालीं ‘मोमिनाबाद’ लिहिलेलें असल्यास तें लेखन निजामी अमदानीच्या आसपासचें असावें, असा अंदाज तरी बांधतां येतो. मोडींत इकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळीत नसत, म्हणून मोडी वाचणाऱ्यानें ‘बिड’ लिहिलें तर तें अज्ञानच असें म्हणवत नाहीं. सुखठणकरांनीं सन १९३३ मध्यें पूर्ण केलेल्या आदिपर्वाच्या आवृत्तींत एक पाठ वर घेतला, पण सोडलेले पाठ टीपेंत राखले. येथेंही तोच न्याय लागू आहे.

साधनें नाहींत असें नव्हे. जुन्या नांवाचें पान ठेवून वाचकास नव्या नांवाकडे वळवितां येतें, संदिग्ध नांवाचें स्वतंत्र पान करतां येतें, आणि प्रत्येक फेरफाराची नोंदही राहते. आमचा आक्षेप असा कीं, हीं साधनें पुष्कळदां केवळ अक्षरसाम्यावर वापरलीं जातात. एकत्र करण्यापूर्वी प्रत्येक चित्र उघडून वर्णन, तारीख व स्थाननिर्देश पाहिल्यावांचून चुकलेलें नांव कोणतें, दुसरें नांव कोणतें आणि दुसऱ्याचेंच नांव कोणतें, हें कळणें शक्य नाहीं. हें काम संथ आहे व त्यास त्या मुलखाची माहिती लागते. यंत्रास नेमून दिलें कीं झालें, असें तें नव्हे.

नुसत्या ‘नारायणगड’ या नांवाखालीं चित्रें न ठेवतां तें संदिग्ध पान करावें व पुढें जिल्हा लिहावा. ‘नगद नारायणगड’ असें कोणा गांवकऱ्यानें लिहिलें असल्यास तें वर्णनांतून काढूं नये. सन २०१९ पासून प्रत्येक चित्रास निरनिराळ्या भाषांत मथळा देण्याची सोय झाली आहे. तो नागरींत लिहिला कीं निदान ‘ड’ आणि ‘ढ’ यांचा घोटाळा तरी होत नाहीं.