‘सिंहासन’मधील अनुपस्थित महापौर

अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवर आधारलेला, जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सिंहासन’ (१९७९) हा चित्रपट मराठीतील राजकीय चित्रणाचा मानदंड मानला जातो. त्यावर विपुल लेखन झाले आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित असून, मुंबईत घडणाऱ्या या कलाकृतीत मुंबईचा महापौर का नाही, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

मुख्यमंत्री जिवाजीराव, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, कामगारनेता डिकास्टा यांच्याभोवती गटबाजी, मंत्रिपदांचे वाटप, संप आणि तस्करी यांचे जाळे विणले गेले आहे. हे जाळे समग्र पाहणारा एकच, पत्रकार दिगू टिपणीस. पण तो केवळ साक्षीदार आहे. निळू फुले यांनी साकारलेले त्याचे अखेरचे भ्रमिष्ट हास्य प्रेक्षकाच्या मनातून जात नाही. या सडलेल्या व्यवस्थेशी झुंजणारा एकही सत्ताधारी लेखकास दिसू नये, हा निराशावाद नव्हे काय, असा आक्षेप घेता येईल. आमच्या मते हा आक्षेप टिकत नाही.

तुलनेसाठी न्यूयॉर्कचे उदाहरण घेऊ. तेथे ‘टॅमनी हॉल’ या पक्षसंघटनेने नोकऱ्या आणि कंत्राटे वाटून मते बांधून ठेवली होती. सॅम्युअल सीबरी यांच्या चौकशीमुळे १९३२ मध्ये महापौर जिमी वॉकर यांना पायउतार व्हावे लागले आणि १९३४ ते १९४५ या काळात फिओरेलो ला ग्वार्डिया यांनी नगरकारभार बराचसा स्वच्छ केला. त्यांच्या धडाडीचे गोडवे पुष्कळ गायिले जातात. परंतु खातेप्रमुख नेमण्याचा व काढण्याचा अधिकार महापौराकडे होता आणि रूझवेल्ट सरकारचा निधी टॅमनीच्या हातून न जाता शहरात येत होता, हे गौरवगीतांत सहसा येत नाही.

मुंबईत १८८८ च्या अधिनियमाने कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे दिले आणि तो आयुक्त राज्य शासन नेमते. महापौर सभा चालवितो, पाहुण्यांचे स्वागत करतो. १९९८ मध्ये आणलेली महापौर-परिषद पद्धती १९९९ मध्येच गुंडाळली गेली. अशा शहरात सुधारक महापौराचे पात्र रंगविणे म्हणजे स्वप्नरंजन झाले असते. आपल्याकडे नगरसुधारणेचा नायक अधिकारीच होतो. उपायुक्त गो. रा. खैरनार यांच्या आत्मकथनाचे ‘एकाकी झुंज’ हे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. लोकांनी न निवडलेला माणूस लोकांसाठी लढतो, आणि बदलीचा वा निलंबनाचा एक आदेश ती लढाई थांबवू शकतो.

मात्र येथेच ‘सिंहासन’ची मर्यादाही दिसते. सत्तेचा खेळ मंत्रालयातच संपतो, असा समज हा चित्रपट दृढ करतो. गटारे, नळजोडण्या, बांधकाम परवाने, सफाईची कंत्राटे यांतून रोज चालणारे राजकारण त्याच्या चौकटीबाहेर राहते. सामान्य नागरिकाची शासनाशी गाठ पडते ती नेमकी तेथे. साधू पत्रकार होते. त्यांना हे ठाऊक नसेल असे मानणे कठीण. तरीही चित्रपटाची नजर सिंहासनावरून खाली उतरत नाही.

ही उणीव आपल्या भागातील वाचकाला अधिक जाणवावी. पालघर नगरपरिषदेच्या २०१९ च्या निवडणुकीत मतदारांनी थेट नगराध्यक्ष निवडला. राष्ट्रवादी काँग्रेसच्या डॉ. उज्ज्वला काळे निवडून आल्या आणि सभागृहात बहुमत मात्र शिवसेना-भाजप युतीला मिळाले. एकाच मतदाराने एकाच दिवशी दिलेले हे दोन कौल होते. त्यातच मुख्याधिकारी राज्य शासनाचा. अशा रचनेत नगराध्यक्षाचा हेतू कितीही शुद्ध असला, तरी प्रत्येक ठरावासाठी त्याला विरोधकांच्या दारी जाणे भाग पडते. ती तडजोड की भ्रष्टता, हे बाहेरून ओळखणे सोपे नसते. कादंबरीकाराला याहून समृद्ध सामग्री कोणती हवी?

बोईसरची स्थिती आणखी निराळी. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे ते फुगत गेले. जनगणनेने त्याला नगर म्हटले, तरी २०११ नंतरही दीर्घकाळ कारभार ग्रामपंचायतीकडेच राहिला आणि कारखान्यांचा परिसर औद्योगिक विकास महामंडळाकडे. तेथील रस्त्यावर सांडपाणी वाहू लागले, तर जाब कोणाला विचारावा, येथूनच त्या न लिहिलेल्या कादंबरीचे पहिले प्रकरण सुरू होऊ शकेल.