नागरी मुद्राक्षरांचें वर्गीकरण : कांहीं आक्षेप

छापील नागरी अक्षरांचे मुंबई वळण व कलकत्ता वळण असे दोन वर्ग करण्याची रूढि आहे. अ, झ, ल, श हीं अक्षरें व ५, ८, ९ हे अंक पाहून पुस्तक कोणत्या वर्गांत घालावयाचें तें ठरतें. ही विभागणी खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनसाठीं पंचानन कर्मकार व त्यांचे जांवई मनोहर ह्यांनीं कोरलेले ठसे आणि मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम ह्यांच्या देखरेखीखालीं झालेले ठसे ह्यांचीं घराणीं निराळीं आहेत. अ. का. प्रियोळकर ह्यांचा १९५८ सालचा ग्रंथ व बापूराव नाईक ह्यांचे १९७१ सालचे तीन खंड उपलब्ध असतां त्या इतिहासाची पुनरुक्ति येथें नको. आक्षेप इतकाच कीं, जी खूण उगम सांगण्यास उपयोगी पडते तीच वाचनसुलभतेची कसोटी म्हणून आपण वापरूं लागलों आहों.

पुराभिलेखविद्येंत हा घोटाळा कोणी करीत नाहीं. वाकाटकांच्या लिपीस पेटिकाशीर्षक हें नांव अक्षराच्या माथ्यावरील चौकोनावरून पडलें. म. म. वा. वि. मिराशी ह्यांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केलेला वाकाटकलेखांचा संग्रह ज्यानें अभ्यासिला आहे त्यास ठाऊक आहे कीं, लिपि ओळखण्यास तो चौकोन कामास येतो. प्रत्यक्ष वाचतांना डोळा शोधतो तो त आणि न ह्यांमधील सूक्ष्म भेद. नांव माथ्यावरून पडलें, अडचण मात्र खालच्या अंगास आहे.

आमचा चांदा जिल्हा (१९८२ पासून चंद्रपूर व गडचिरोली) १९५६ पर्यंत नागपूरकडील प्रांतांत, म्हणजे हिंदी व मराठी अशा दोन भाषांच्या राज्यांत होता. त्यामुळें दोन्ही वळणांचे कागद येथील जुन्या घरांत शेजारीं शेजारीं सांपडतात. प्रस्तुत लेखकानें संस्कृत शिकवितांना निर्णयसागराच्या प्रती व काशीकडील प्रती एकाच वर्गांत मुलांच्या हातीं दिल्या आहेत. परक्या वळणाचा अ किंवा झ दोन दिवसांत अंगवळणीं पडे. मुलें अडत तीं अन्यत्र : ख कीं रव, द्ध कीं द्घ, भ कीं म. ‘उद्घाटन’ हा शब्द ‘उद्धाटन’ असा वाचणारे, आणि छापणारेहि, आजही कमी नाहींत. ह्या जोड्यांपैकीं एकहि वर्गीकरणाच्या कोष्टकांत नाहीं. जावजी दादाजी (१८३९–१८९२) ह्यांच्या निर्णयसागराचीं पुस्तकें डोळ्यांस सुख देतात त्याचें कारण त्यांचें वळण मुंबईचें हें नव्हे. राणोजी रावजी आरू ह्यांनीं कोरलेल्या ठशांत अक्षराच्या पोटांतील पांढरी जागा मोकळी राहते व जोडाक्षराचा खालचा अवयव चिरडत नाहीं, हें होय.

इतिहाससंशोधकाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट अनुस्वाराची. मुंबईकडे वरील मात्रा, मधलें अक्षर व खालचा उकार असे तीन मजले निरनिराळ्या खिळ्यांनीं जुळविण्याची पद्धति पडली. तिला जुळारी लोक डिग्री म्हणत. अखंड खिळ्यांत तींच चिन्हें अक्षराबरोबर ओतलेलीं असत. डिग्रीच्या पद्धतींत खिळे थोडे लागत, परंतु वरच्या मजल्यावरचा बारीक टिंबाचा खिळा सरके, झिजे, कधीं गळूनहि जाई. आतां ‘गांव’ हा शब्द जुन्या मराठींत पुल्लिंगीहि आहे व नपुंसकलिंगीहि आहे. ‘गांव दिलें’ म्हणजे एक गांव, ‘गांव दिले’ म्हणजे अनेक. सनदेच्या छापील प्रतींत एका टिंबावर इनामाची व्याप्ति अवलंबून राहते! मूळ मोडींत अनुस्वार बहुधा नसतोच. बालबोधांत उतरवितांना तो संपादक घालतो. म्हणजे टिंब दिसलें नाहीं तर तें संपादकानें घातलें नाहीं, कीं जुळाऱ्यानें गाळलें, कीं झिजलेल्या खिळ्यानें उमटविलें नाहीं, हें पुढील अभ्यासकानें कशावरून ठरवावें? अशा ठिकाणीं खिळा डिग्रीचा कीं अखंड हें ठाऊक असणें ल च्या पाकळीपेक्षां शतपट मोलाचें आहे. आणखी एक. १९६२ सालच्या लेखननियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले. त्या नियमांप्रमाणें जुने कागद पुनर्मुद्रित करणारांनीं हा भेद मुळासकट नाहींसा केला आहे. शुद्धलेखनाच्या नांवाखालीं झालेला हा पुराव्याचा नाशच म्हणावा लागेल.

संगणकाच्या अक्षरांनीं जुनें वर्गीकरण आणखी पोकळ केलें. युनिकोडमध्यें ल व श ह्यांस एकेकच स्थान आहे. वळण टंक ठरवितो. एकच मजकूर एका यंत्रावर मुंबईचा व दुसऱ्यावर उत्तरेचा दिसूं शकतो. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठीसाठीं ह्या दोन अक्षरांचीं रूपें ठरवून दिलीं, तें ठीकच; परंतु जेथें अर्थच पालटतो तेथें लक्ष अधिक हवें. ‘दऱ्या’ व ‘दर्या’ ह्यांतील रफाराचा भेद कित्येक टंक आजहि नीट दाखवीत नाहींत. असा टंक वापरल्यास आमच्या भामरागडाच्या डोंगरांत समुद्र येतो.

हा प्रश्न मराठीपुरताहि नाहीं. गडचिरोलीकडे गोंडी व माडिया बहुधा नागरींतच छापल्या जातात. मुनशी मंगलसिंह मसराम ह्यांनीं १९१८ सालीं रचिलेल्या गोंडी लिपीस २०१७ सालीं युनिकोडांत जागा मिळाली, व तेलंगणांतील गुंजाळा गांवीं सांपडलेल्या हस्तलिखितांच्या लिपीस २०१८ सालीं. ह्या लिप्यांचे टंक अद्याप बाल्यावस्थेंत आहेत. कोणतीं दोन अक्षरें परस्परांत मिसळतात, बारीक आकारांत कोणतें चिन्ह बुजतें, स्वरचिन्ह अक्षरास कोठें जोडलें आहे, ह्या तीन गोष्टींची नोंद त्यांच्यापासूनच आरंभिली तर नागरीच्या बाबतींत झालेला दीडशें वर्षांचा विलंब तेथें टळेल. नागरीपुरती आमची सूचना लहान आहे. कागदपत्रें संपादणारांनीं ज्या छापील प्रतीवरून उतारा घेतला तिचें साल व छापखाना ह्यांबरोबर खिळा डिग्रीचा कीं अखंड, व अनुस्वार मूळचा कीं संपादकाचा, एवढें प्रस्तावनेंत नमूद करावें. त्यास दोन ओळींहून अधिक जागा लागत नाहीं.