विषादविरोधी औषधे आणि अनुवंश : एक आक्षेप

१९६९ साली अलेक्झांडरसन, एव्हान्स व श्योक्विस्ट यांनी स्वीडनमधील जुळ्या भावंडांना नॉरट्रिप्टिलिन हे विषादविरोधी औषध देऊन पाहिले. इतर औषधे न घेणाऱ्या एकबीज जुळ्यांच्या रक्तात त्याचे प्रमाण जवळजवळ सारखे भरले. द्विबीज जुळ्यांत तफावत राहिली. या विषयाचा हा पाया होय, व तो भक्कम आहे. आक्षेप आहे तो त्यावर चढविलेल्या इमल्यावर.

त्या प्रयोगाने सिद्ध केले ते इतकेच की, औषध रक्तात किती साठते हे बऱ्याच अंशी अनुवंशाने ठरते. विषाद ओसरेल काय, हा प्रश्न तेथे विचारलेलाच नव्हता. जनुकचाचणीचे पुरस्कर्ते हा भेद पुसून टाकतात. अमेरिकेतील १९४४ माजी सैनिकांवरील परीक्षणात (२०२२) चाचणीचा लाभ अल्प दिसला, आणि चोवीस आठवड्यांअखेर रोगमुक्तीच्या प्रमाणात लक्षणीय फरक उरला नाही.

म्हणून चाचणी व्यर्थ, असे मात्र म्हणता येत नाही. निदान आपल्याकडे तरी. एस्सिटॅलोप्रॅमचा निचरा मुख्यत्वे यकृतातील सीवायपी-२सी१९ या एंझाइमाकडून होतो, आणि त्याचे निष्क्रिय रूप युरोपीयांपेक्षा भारतीयांत अधिक आढळते. ज्याच्या दोन्ही जनुकप्रती निष्क्रिय, त्याच्या शरीरात नेहमीच्या मात्रेनेही औषध साचत जाते. सिटॅलोप्रॅमची कमाल मात्रा अशा रुग्णांकरिता अमेरिकी नियंत्रकांनी ४० ऐवजी २० मिलिग्रॅम ठरविली आहे, ती याच कारणाने.

धाराशिवात हा केवळ पुस्तकी वाद नव्हे. शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्याकरिता राज्य शासनाने २०१५ मध्ये समुपदेशनाचा 'प्रेरणा प्रकल्प' हाती घेतला, त्यात तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हाही होता. समजा, भूम-परांड्याकडील एखादा शेतकरी मोठ्या मिनतवारीने उपचारास आला, पहिल्याच आठवड्यात मळमळ व बेचैनीने हैराण झाला आणि पुन्हा फिरकलाच नाही. 'औषध लागू पडले नाही' असा निष्कर्ष काढण्यास येथे आधार कोणता? गुण येण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर तो थांबलाच नाही. दोष औषधाच्या निवडीचा नसून मात्रेचा असू शकेल, आणि तो शोधण्याची सोय त्या नोंदीत नाही.

दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन २०२४ मध्ये पुरे झाले. कोणते रूप कोठे किती, हे त्यातून कळेल; औषध घेतल्यावर काय झाले, हे कळणार नाही. त्यासाठी रुग्णाच्या एकाच कागदावर त्याचे जनुकरूप, रक्तातील औषधाचे प्रमाण आणि दुसऱ्या खेपेची तारीख (अथवा तिचा अभाव) शेजारीशेजारी लिहावी लागेल.