एक दिवसाचा राजा : गेडिस यांची इंदुरी दिवाळी आणि आपले विकास आराखडे

नगररचनेत लोकसहभागाचा विषय निघाला की पॅट्रिक गेडिस यांच्या इंदूरमधील दिवाळीची हकीकत सांगितली जाते. गेडिस (१८५४–१९३२) हे मूळचे वनस्पतिशास्त्राचे स्कॉटिश प्राध्यापक. १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी अनेक शहरांचे अहवाल लिहिले. होळकर दरबारासाठी केलेला इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा.

त्या काळात शहरात प्लेगची दहशत होती. गेडिस यांनी दरबाराकडून एका दिवसापुरते राजाचे अधिकार मिळवले आणि जाहीर केले, की यंदा दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या वाटेने जाणार नाही. ज्या गल्ल्यांत सर्वांत जास्त साफसफाई आणि डागडुजी झालेली दिसेल, त्या गल्ल्यांतून ती जाईल. मग घरोघर झाडलोट सुरू झाली, भिंतींना रंग लागला, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या गावाबाहेर गेल्या. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा होती. स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतले सफाई कामगार होते आणि त्यांच्या झाडूंना फुलांच्या माळा होत्या. शेवटी रोगराईच्या प्रतिमांचे दहन झाले. ही हकीकत आपल्यापर्यंत येते ती प्रामुख्याने गेडिस यांच्याच कथनातून आणि त्यांच्या चरित्रकारांकडून. त्यामुळे तिचे कौतुक करतानाच ती तपासूनही घ्यायला हवी.

आधी तिचे मोल. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये पुण्यात सोल्जर घराघरांत शिरून तपासणी करू लागले, आणि त्यातून उसळलेल्या संतापाची परिणती रँडच्या वधात झाली. १८९८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून त्यांतून रुंद रस्ते काढले. म्हणजे रोग हटवायचा तर आधी माणसे हटवायची, हा त्या वीस वर्षांतला सरकारी रिवाज होता. या पार्श्वभूमीवर, लोकांनी आपले घर आपल्या हाताने झाडावे आणि त्यासाठी आपलाच सण निमित्त व्हावा, ही कल्पना खरोखर क्रांतिकारक होती.

तिच्यामागे एक पद्धत होती. एडिंबरोच्या जुन्या, खालावलेल्या भागात गेडिस पत्नी ॲनासह स्वतः राहायला गेले होते आणि तिथल्या चाळवजा इमारती त्यांनी एकेक करून दुरुस्त करून घेतल्या होत्या. तोच धडा त्यांनी इथे आणला. आधी गल्लीबोळ पायी फिरून रोगनिदान करायचे, मग कमीत कमी कापाकाप. पडायला आलेली दोनचार घरे काढावीत, मोकळ्या जागा जोडून घ्याव्यात, पण सरळ रस्त्याच्या हट्टापायी नांदती वस्ती उठवू नये. तंजावरच्या अहवालात त्यांनी दाखवले, की असे केल्यास खर्चही कितीतरी कमी येतो. मैला आणि सांडपाणी गटारांत लोटण्यापेक्षा मातीला परत द्यावे, असाही त्यांचा आग्रह होता.

आता मर्यादा. त्या दिवाळीत निर्णय कोणाचा होता? लोकांनी कष्ट केले, चढाओढ केली, पण मिरवणुकीचा मार्ग शेवटी एक दिवसाच्या राजानेच ठरवला. त्याचा अधिकारही तुकोजीराव होळकरांच्या मर्जीतून आलेला. या स्पर्धेत ज्याचे स्वतःचे घर आहे आणि चुन्याला पैसे आहेत, तो साहजिकच पुढे, भाडेकरू मागे. सफाई कामगाराच्या झाडूला माळ घातली गेली. मात्र तो झाडू पिढ्यानपिढ्या त्याच्याच हातात का, हा प्रश्न माळेने सुटत नाही. उत्सवाने माणसे हलतात, परंतु उत्सव संपल्यावर उरणारी संस्था या हकिकतीत कुठे दिसत नाही.

आपल्याकडे आज नेमके उलट आहे. संस्था आहे, लोक उशिरा येतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आधी विद्यमान जमीनवापराचे सर्वेक्षण होते, प्रारूप आराखडा तयार होतो आणि तो प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात. २०१३ मध्ये पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. हा आकडा लोकांच्या उत्साहाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. मला तो अपयशाचा पुरावा वाटतो. इतक्या लोकांना काही सांगायचे होते आणि नकाशा काढला जाईपर्यंत ते ऐकणारे कोणी नव्हते. पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा महापालिकेकडून काढून घेतला आणि २०१७ मध्ये मंजुरी दिली.

शिवाय हरकत ही स्वभावतः एकट्याची असते. माझ्या घरावरचे आरक्षण उठवा, माझ्या ओट्यावरची रस्तारुंदीची रेषा सरकवा, एवढेच ती मागू शकते. पेठ कशी असावी, हे त्या अर्जात लिहायला जागा नसते. पेठेतल्या एखाद्या वाड्याचे उदाहरण घ्या. भाडेनियंत्रणामुळे वर्षानुवर्षे गोठलेले भाडे, त्यामुळे दुरुस्तीत रस नसलेला मालक, हक्क जाईल म्हणून जागा न सोडणारा भाडेकरू आणि इमारत पडण्याची वाट पाहणारा विकासक. जमीनवापराच्या नकाशात हे सगळे मिळून एका रंगाचा एक चौकोन होतो. रोगाचे मूळ त्या चौकोनाच्या आत आहे, आणि आपण औषध देतो ते चौकोनाच्या कडेला, रस्ता रुंद करून.

म्हणून गेडिस यांच्याकडून घ्यायची ती मिरवणूक नव्हे, त्यांचा क्रम. नकाशाच्या आधी निदान, आणि निदानाच्या वेळी मालक, भाडेकरू, दुकानदार, सफाई कामगार असे सगळे हजर. त्यात त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट आपण घालायला हवी : या निदानाला कायद्याने बंधनकारक स्थान. प्रत्येक पेठेचे असे निदान प्रारूप आराखड्याला जोडलेले असेल आणि ते डावलायचे तर कारण लेखी द्यावे लागेल, इतके झाले तरी ८७ हजार अर्जांचा ढीग बराच उतरेल. इंदूरच्या लोकांना एक दिवसाचा राजा लाभला होता. जुन्या गावठाणांना गरज आहे ती वर्षभर टिकणाऱ्या अधिकाराची.