डिस्टोपियन कादंबरीवरील शोधनिबंधाची मांडणी : ‘उद्या’च्या निमित्ताने

मराठी कादंबरीवरील शोधनिबंधाचा एक साचा विद्यापीठीय वर्तुळात रूढ झाला आहे. लेखकपरिचय, कथानक, व्यक्तिरेखा, भाषाशैली, निष्कर्ष या क्रमाने निबंध पुढे सरकतो. कौटुंबिक वा ग्रामीण कादंबरीच्या अभ्यासात हा साचा कसाबसा निभावतो. नंदा खरे यांच्या ‘उद्या’पुढे मात्र तो अपुरा पडतो. डिस्टोपियन कादंबरीत खरे मुख्य पात्र असते ती व्यवस्था. माणसे प्रामुख्याने त्या व्यवस्थेचा दाब दाखविण्यासाठी येतात. अशा कृतीविषयी ‘व्यक्तिचित्रण ठसठशीत नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे तिने न स्वीकारलेल्या कामाचा जाब तिला विचारणे होय.

म्हणून लेखकाने वर्तमानातील कोणती प्रवृत्ती ताणून भविष्यात नेली आहे, या प्रश्नापासून निबंधाचा आरंभ व्हावा. ‘उद्या’मध्ये बाजार, तंत्रज्ञान आणि पाळत यांची युती केंद्रस्थानी आहे. खानदेशातील अभ्यासकाला तिचे संदर्भ शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ‘आधार’ क्रमांकाच्या वाटपाचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार कायदा वैध ठरविला. मात्र खासगी कंपन्यांना त्याचा वापर करू देणारी तरतूद रद्दबातल केली. कादंबरी या दोन घटनांच्या दरम्यानची आहे. तथापि, ‘लेखकाचे भाकीत खरे ठरले’ हा वाङ्मयीन निकष नव्हे. तसे असते तर पंचांगालाही साहित्यात स्थान द्यावे लागेल. वास्तव आणि कल्पित यांतील अंतर किती व का राखले आहे, हे दाखविणे हेच निबंधाचे मुख्य काम आहे.

रूपबंधाचा विचार येथे टाळता येत नाही. जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ मधील ‘नाइन्टीन एटी-फोर’च्या अखेरीस ‘न्यूस्पीक’ या भाषेवरील परिशिष्ट आहे. ते भूतकाळात लिहिलेले असल्याने ती राजवट पुढे संपली असावी, असा अर्थ काही वाचक काढतात. अमेरिकेतील एका पुस्तक मंडळाने हे परिशिष्ट गाळण्याची सूचना केली, तेव्हा ऑर्वेल यांनी ती नाकारली. केवळ कथानकाचा सारांश देणाऱ्या निबंधात हे परिशिष्ट हमखास सुटते आणि त्यासोबत कादंबरीच्या शेवटाविषयीचा वादही सुटतो.

चरित्राचा मोह आवरणे अधिक कठीण. खरे यांनी साहित्य अकादमीचा २०२० चा पुरस्कार नाकारला. जुलै २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. या गोष्टी पहिल्या परिच्छेदात आल्या की निबंध लेखकाच्या बाणेदारपणाचा होतो, कादंबरीचा राहत नाही. स्थापत्य अभियंता म्हणून त्यांना लाभलेली यंत्रणांकडे पाहण्याची दृष्टी मात्र निवेदनाच्या चर्चेत उपयोगी पडेल.

यावल तालुक्यातील सांगवी हे भालचंद्र नेमाडे यांचे जन्मगाव. साहजिकच येथील अभ्यासकास देशीवादाची चौकट हाताशी सापडते. परंपरेकडे पाहणारी ही चौकट भविष्यावरील कादंबरीस कितपत लागू पडते, हा प्रश्न समारोपात उरकण्याऐवजी निबंधाच्या मध्यभागी घ्यावा; विरोधी मताला सविस्तर उत्तर देण्यास तेथेच अवकाश असतो.