अनाक्रमक रोगनिदानाचे प्रतिमाशास्त्र आणि धारणीतील बालक : एक चिकित्सा

1895 मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि शरीर न उघडता त्याच्या आत पाहणे वैद्यकाला शक्य झाले. 1971 मध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात रुग्णाच्या मेंदूचे पहिले सी.टी. चित्र घेतले. सोनोग्राफी, एम.आर.आय. आणि अलीकडे संगणकाकडून होणारे प्रतिमावाचन असा या शाखेचा विस्तार झाला. या संशोधनाचे ध्येय 'अनाक्रमक निदान' असे सांगितले जाते. सुई नाही, चिरा नाही, म्हणून अनाक्रमक. ही व्याख्या रुग्णाच्या त्वचेपाशी सुरू होते व तेथेच संपते, हा तिचा मूलभूत दोष होय.

धारणीत हा दोष ठळकपणे जाणवतो. येथून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, वाटेत परतवाड्यापर्यंतचा घाट. आजारी मूल कडेवर घेऊन निघालेल्या कोरकू मातेची मजुरी बुडते, घरची लहान मुले मागे राहतात. हा आघात कोणत्याही शोधनिबंधात नोंदला जात नाही. पोट फुगलेल्या बालकास तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याच्या 'डंबा' या प्रथेचा अंधश्रद्धा म्हणून निषेध होतो व तो योग्यच आहे; परंतु पोट का फुगले हे सांगणारे जवळ कोणी नसणे, हेही तिच्या टिकून राहण्याचे एक कारण मानावे लागेल.

अंतराच्या प्रश्नावर हाती धरून नेता येणारे क्ष-किरण यंत्र हे खरेखुरे उत्तर आहे, हे मान्य केले पाहिजे. 7 डिसेंबर 2024 रोजी सुरू झालेल्या क्षयरोगविरोधी शंभर दिवसांच्या मोहिमेत अशी यंत्रे वापरली गेली. छातीचे चित्र संगणकाने वाचण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये केली. त्या वेळी तपासलेल्या प्रणालींत मुंबईच्या 'क्यूअर एआय'ची प्रणालीही होती. मात्र ती शिफारस क्षयरोगापुरती आणि 15 वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींपुरती होती. मेळघाटचे नाव 1993 पासून ज्या बालमृत्यूंमुळे गाजत आले, ती बालके वयाने या चौकटीबाहेर राहिली आणि त्यांचा न्यूमोनियाही. पुरावा प्रौढांचा, म्हणून शिफारस प्रौढांची, हे शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहे. प्रश्न पुरावा कोणाचा गोळा करावयाचा, हे ठरविण्याचा आहे.

सोनोग्राफीची अडचण निराळी. लिंगनिदान रोखण्यासाठी 2012 मध्ये नियम दुरुस्त करून सुवाह्य यंत्राचा वापर नोंदणीकृत जागेपुरता व फिरत्या वैद्यकीय पथकापुरता मर्यादित करण्यात आला. हेतू रास्त आहे. पण सुवाह्यतेवर भर देणारे संशोधन या मर्यादेचा विचार क्वचितच करते.

या पार्श्वभूमीवर गडचिरोलीतील डॉ. अभय व राणी बंग यांचे 'श्वास-मापक' आठवणे अपरिहार्य ठरते. मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ, एवढेच ते साधन. दोन महिन्यांखालील बालकाचे मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास, त्यापुढे वर्षापर्यंत 50, ही धोक्याची खूण अक्षरओळख नसलेल्या दाईलाही ओळखता येते. येथे प्रतिमा नाही, त्वचेला स्पर्शही नाही. ते फुप्फुसाचा डाग दाखवीत नाही, क्षयरोग ओळखीत नाही. परंतु त्या प्रयोगात न्यूमोनिया ओळखणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांजवळच प्रतिजैविकही दिलेले होते आणि त्याचे फलित मोजले गेले ते बालमृत्यूंच्या आकड्यात. प्रतिमावाचनाच्या प्रणालींचे मूल्यमापन अद्याप बहुतांशी, संगणकाचे वाचन तज्ज्ञाच्या वाचनाशी किती जुळले, यावरच होते.